उपकरण की अधिकरण?

जैन आचारशास्त्राने वस्तूंकडे पाहण्याची एक सूक्ष्म दृष्टी दिली आहे. संयमाला, शुद्धीला किंवा ज्ञानाला ज्या वस्तूचे साहाय्य होते ती उपकरण. मुनींची पिच्छी हे संयमाचे उपकरण, कमंडलू शौचाचे आणि शास्त्र ज्ञानाचे. याउलट, जी वस्तू कर्मास्रवाला आधार देते ती अधिकरण. तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात अजीव-अधिकरणाचे जे भेद सांगितले आहेत, त्यांत ‘संयोग’ हा एक भेद येतो. पूज्यपाद आचार्यांनी सर्वार्थसिद्धीत त्याचे दोन प्रकार केले आहेत: एक अन्नपानाचा संयोग आणि दुसरा उपकरणांचा संयोग. एका साधनाला दुसरे साधन जोडणे, ही वरवर निरुपद्रवी दिसणारी क्रियाही विवेकाने तपासून घ्यावी, असे सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी आपल्या आचार्यांना वाटले होते.

आजच्या गृहस्थाला या विवेकाची गरज पावलोपावली भासते. घरात एक यंत्र आले की त्याच्यामागून त्याचे गणगोत येते. भ्रमणध्वनीला आवरण लागते, संगणकाला डिस्क लागते, आणि कॅमेऱ्याला तर अंतच नाही. कोणती जोडणी यंत्राला त्याच्या कामासाठी अधिक समर्थ करते आणि कोणती केवळ मालकाच्या मनाची हाव पुरवते, हे ओळखणे सोपे नसते. कृष्णाकाठच्या एका गावातील निवृत्त शिक्षकांनी हा प्रश्न पंधरा-सोळा वर्षे एका जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्याच्या निमित्ताने सोडवीत आणला. सारा गाव त्यांना अण्णा म्हणतो.

अण्णा २००४ साली निवृत्त झाले आणि मिळालेल्या रकमेतून त्यांनी सोनी कंपनीचा डीएसआर-पीडी १७० हा कॅमेरा घेतला. हा नमुना त्याच्या आदल्याच वर्षी बाजारात आला होता आणि लग्नसमारंभांचे चित्रण करणाऱ्या व्यावसायिकांना तो फार प्रिय होता. अण्णांना व्यवसाय करायचा नव्हता. बस्तीतील विधाने, चातुर्मासातील प्रवचने आणि यात्रा यांचे जतन व्हावे, एवढाच हेतू होता. तो हेतू त्यांच्या मनात आला तो एका जुन्या ध्वनिमुद्रणामुळे. १९५५ साली कुंथलगिरी येथे सल्लेखना घेतलेल्या चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांचा अखेरचा मराठी उपदेश कोणी तरी दूरदृष्टीने ध्वनिमुद्रित करून ठेवला. महाराजांचे दर्शन ज्यांना कधीच घडले नाही, त्या पिढ्यांच्या कानांवर आज त्यांचा क्षीण पण स्थिर स्वर पडतो. यंत्र ज्ञानाचे उपकरण होऊ शकते, याचे याहून मोठे उदाहरण अण्णांना ठाऊक नव्हते.

कॅमेरा फितीचा होता. आगपेटीहून थोड्या मोठ्या अशा मिनी-डीव्ही कॅसेटमध्ये पाव इंच रुंदीची फीत असते. एका तासाच्या कॅसेटमध्ये तिची लांबी सुमारे ६८ मीटर भरते. आतील छोटे दंडगोल मिनिटाला ९,००० फेरे घेते आणि त्यावर बसवलेली हेडे फितीवर तिरप्या रेषा कोरत जातात. आपल्याकडील पाल पद्धतीत सेकंदाला २५ चित्रे असतात आणि त्यांतील प्रत्येक चित्र अशा १२ रेषांत साठवले जाते. साध्या डीव्ही पद्धतीत एका रेषेची रुंदी १० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीत अशा पाच-सात रेषा सहज मावतील. पीडी १७० मध्ये डीव्हीकॅम नावाची दुसरी पद्धतही आहे. तिच्यात रेषा १५ मायक्रॉन रुंद होते आणि फीत अधिक वेगाने धावते, म्हणून एका तासाच्या कॅसेटवर चाळीसच मिनिटे मावतात. कॅसेटचा खर्च दीडपट होतो, पण रुंद रेषा अधिक टिकाऊ ठरते. अण्णांनी पहिल्या दिवसापासून चाळीस मिनिटांचीच पद्धत पत्करली. वाचवायचे ते फितीचे मोल नव्हे, फितीवरचे मोल, हा त्यांचा हिशेब होता.

पहिल्या दोन वर्षांत कॅमेऱ्याला ज्या गोष्टी जोडल्या गेल्या, त्या सर्व गरजेतून जोडल्या गेल्या. मूळ भिंग दूरचे दृश्य बारा पटीने जवळ आणते, परंतु रुंद दृश्य टिपण्यात ते कृपण आहे. जुन्या बस्तीचा गाभारा लहान, मागे सरकायला जागा नाही. तेथे वेदीवरील सर्व मूर्ती आणि पूजा करणारे इंद्र-इंद्राणी एका चौकटीत येत ना. म्हणून दृश्याचा आवाका वाढवणारे ०.७ पटीचे जोडभिंग आले. पंचामृत अभिषेकाच्या वेळी दुधाचे आणि उसाच्या रसाचे तुषार थेट भिंगावर उडत, म्हणून ५८ मिलिमीटर व्यासाची साधी संरक्षक काच आली. प्रवचन तास-दीड तास चाले आणि हाताने धरलेले चित्र हलत राही, म्हणून तेलाच्या दाबावर संथपणे वळणारे डोके असलेला ट्रायपॉड आला. मोठ्या क्षमतेच्या दोन बॅटऱ्या आल्या, कारण यात्रेत वीज शोधत फिरणे शक्य नव्हते.

ध्वनीचा प्रश्न सर्वांत अवघड होता. व्याख्यात्याच्या सदऱ्याला अडकवायचा बिनतारी माइक सर्वत्र वापरला जातो. दिगंबर मुनींच्या बाबतीत तो उपाय मुळातच संभवत नाही, कारण अडकवायला वस्त्रच नाही. कॅमेऱ्यावरचा माइक दहा-पंधरा हातांवरून महाराजांच्या आवाजाबरोबर पंख्याची घरघर आणि लहान मुलांचा गोंगाटही तितक्याच आत्मीयतेने टिपत असे. पीडी १७० ला व्यावसायिक माइकसाठी एक्सएलआर प्रकारच्या दोन जोडण्या आहेत. या प्रकारच्या तारेत एकच ध्वनिसंकेत परस्परविरुद्ध रूपांत दोन तारांतून जातो आणि वाटेत शिरलेली खरखर कॅमेऱ्यापाशी परस्पर रद्द होते. त्यामुळे तार पंधरा मीटर लांब असली तरी चालते. अण्णांनी महाराजांच्या अनुमतीने काष्ठासनासमोर ठेंगण्या स्टँडवर एका दिशेचाच आवाज घेणारा माइक ठेवला, तार सतरंजीखालून न नेता भिंतीच्या कडेने नेली आणि हेडफोन कानाला लावून ते मागे बसले. त्या चातुर्मासातील प्रवचनांचे चित्र आजच्या मानाने धूसर वाटेल, पण शब्द मात्र एकही निसटलेला नाही.

प्रकाशाच्या बाबतीत त्यांनी बाजाराचे ऐकले नाही. कॅमेऱ्यावर लावायचा हॅलोजन दिवा त्या काळी सर्रास वापरात होता. वर्षायोग पावसाळ्यात येतो. संध्याकाळच्या आरतीला असा दिवा पेटवला की क्षणार्धात त्याभोवती पतंग-पाखरांचे कोंडाळे जमे आणि तापलेल्या काचेवर त्यांचा अंत होई. ज्यांच्या दारी सूर्यास्तानंतर चूल पेटत नाही, त्यांनी आरतीचे चित्र उजळ यावे म्हणून इतक्या जीवांचा घात करावा, हे अण्णांना पटेना. त्यांनी दिवा घेतलाच नाही. पीडी १७० कमी उजेडातही बऱ्यापैकी पाहू शकतो. जेथे तो पाहू शकत नाही तेथे चित्र काळोखे राहिले तरी चालेल, असे त्यांनी ठरवले. पुढे थंड राहणारे एलईडी दिवे आले, तेव्हा एक छोटा दिवा घरात आला, पण तोही दिवसा, अंधाऱ्या ओसरीतील कार्यक्रमापुरता. मुनींच्या आहाराच्या वेळी मात्र दिवा, तार, ट्रायपॉड यांतले काहीच पुढे जात नसे. उभ्याने, करपात्रात चाललेल्या त्या आहारात कशानेही अंतराय आला तर त्या दिवसाचा आहार तेथेच संपतो. चित्रणापायी तसे घडावे, हा धोका पत्करण्याजोगा नव्हता.

साहित्याच्या मूळ द्रव्याकडेही त्यांचे लक्ष असे. कॅमेऱ्याची पिशवी चामड्याची नको, कॅनव्हासची हवी. माइकवर वारा लागू नये म्हणून घालायचे लोकरी टोपरे कृत्रिम धाग्याचे हवे. भिंगावरील धूळ प्राण्याच्या केसांच्या कुंचल्याने झाडण्याऐवजी रबरी फुंकणीने उडवावी. एका गोष्टीचे त्यांना समाधान होते. छायाचित्राच्या जुन्या फिल्मवर जिलेटिनचा थर असतो आणि जिलेटिन प्राण्यांच्या हाडांपासून व कातड्यापासून होते. व्हिडिओची फीत पॉलिएस्टरवर धातूचा अतिसूक्ष्म थर देऊन करतात, तिच्यात जिलेटिन लागत नाही.

येथपर्यंत सर्व संयोग उपकरणाच्या बाजूचे होते. पुढे वारे बदलले.

२००६ नंतर शहरातील हौशी चित्रकारांच्या ओळखी झाल्या, मासिके हाती आली आणि अण्णांच्या मनात चित्रपटासारख्या चित्राची इच्छा उत्पन्न झाली. तीन लहान संवेदकांच्या या कॅमेऱ्यात पुढचे आणि मागचे सारेच स्पष्ट दिसते. मुख्य व्यक्ती तेवढी ठळक आणि मागचे दृश्य विरघळलेले, असा परिणाम साधण्यासाठी त्या वर्षांत एक विलक्षण जोडणी निघाली होती. कॅमेऱ्यापुढे एक नळी, नळीत फिरणारी किंवा कंप पावणारी दुधी काच, आणि तिच्यापुढे छायाचित्राच्या कॅमेऱ्याचे मोठे भिंग. भिंगाची प्रतिमा काचेवर पडते आणि व्हिडिओ कॅमेरा त्या काचेवरची प्रतिमा टिपतो. प्रतिमा उलटी पडते, ती सुलटी करण्यास आणखी भिंगे लागतात. उजेड बराच घटतो, म्हणजे दिवे वाढवावे लागतात. पुढचा भार पेलण्यास सळ्यांची चौकट लागते आणि चौकटीचा तोल राखण्यास मागे वजन लागते. दीड किलोचा सुटसुटीत कॅमेरा एका माणसाला उचलता येणार नाही, असा पसारा होतो. त्याखेरीज भिंगावर ऊन पडू नये म्हणून पेटी, वेगळा पडदा, फितीऐवजी डिस्कवर चित्रण करणारा फायरवायरचा जोड, अशी यादी वाढत गेली.

अण्णांनी कित्येक वर्षांपूर्वी परिग्रह-परिमाण व्रत घेतले होते. त्यांची एक वही होती. क्षेत्र-वास्तू, धन-धान्य यांच्या मर्यादा तिच्यात लिहिलेल्या होत्या. कुप्य-भांड या सदराखाली घरातील वस्तूंची यादी होती आणि तिच्यात ‘चित्रणाचा कॅमेरा, नग एक’ अशी नोंद होती. जोडणी कॅमेऱ्याला लागली की ती कॅमेऱ्यातच मोजायची, की स्वतंत्र नग धरायचा? या प्रश्नाचे उत्तर सोयीचे निघत आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. स्वाध्यायाच्या वेळी त्यांनी तो प्रश्न गावच्या वयोवृद्ध पंडितजींपुढे ठेवला. पंडितजींनी मोजणीत लक्षच घातले नाही. त्यांनी विचारले, “अण्णा, ही वस्तू लावल्यावर महाराजांचे प्रवचन अधिक समजेल का?” अण्णा म्हणाले, “नाही. दिसायला सुंदर दिसेल.” पंडितजी म्हणाले, “मग ती कॅमेऱ्याची गरज नाही, तुमची आहे. वहीत कुठे लिहायची ते तुम्हीच ठरवा.”

तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या वस्तूंच्या संख्येवर बेतलेली नाही, वस्तूंविषयीच्या ममत्वावर बेतलेली आहे. त्याचा अर्थ अण्णांना त्या दिवशी नव्याने कळला. दुधी काचेची जोडणी आली नाही. पुढे काळानेही त्या निर्णयाला दुजोरा दिला. २००८ मध्ये छायाचित्राच्याच काही कॅमेऱ्यांत उच्च दर्जाचे चलच्चित्रण करण्याची सोय आली आणि अल्पकाळात त्या साऱ्या नळ्या आणि चौकटी निरुपयोगी ठरल्या. ज्यांनी मोठे द्रव्य वेचून त्या घेतल्या होत्या, त्यांना त्या कोणाला देताही येईनात.

मात्र जुने यंत्र राखायचे तर केवळ नव्या जोडण्या टाळून भागत नाही. वस्तू उचलताना आणि ठेवताना पाहून, पुसून, जपून ती हालचाल करावी, ही आदाननिक्षेपण समिती मुनींसाठी सांगितली आहे. श्रावकाने तिचा अंश जरी पाळला तरी त्याची यंत्रे दीर्घायुषी होतील. पावसाळ्यात थंड खोलीतून कॅमेरा एकदम दमट हवेत आणला की आतील दंडगोलावर दव धरते. अशा वेळी कॅमेरा सूचना देऊन फीत चालवणे थांबवतो. ते दव आपोआप सुकेपर्यंत थांबणे, एवढाच त्यावर उपाय आहे. काम संपल्यावर कॅसेट आत ठेवू नये. हेड साफ करण्याची कॅसेट काही सेकंदांहून अधिक चालवू नये, कारण तीही हेड घासूनच साफ करते. बॅटरी महिनोन्‌महिने जोडून ठेवू नये. भिंगावर बुरशी धरू नये म्हणून पेटीत ओलावा शोषणारे सिलिका जेलचे दाणे ठेवावे आणि ते वेळोवेळी वाळवावे. बुरशीला आपल्या आहारविचारात सजीव मानले आहे. ती धरल्यावर पुसून काढण्यापेक्षा धरूच न देणे, हे यंत्राच्या आणि अहिंसेच्याही दृष्टीने श्रेयस्कर ठरते.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला. सांगली-कोल्हापूरकडील असंख्य घरांत पाणी शिरले, तसे अण्णांच्या घरातही शिरले. कॅमेरा माळ्यावर होता, तो वाचला. कॅसेटी लाकडी कपाटात होत्या. एकंदर ८३ कॅसेटींपैकी खालच्या कप्प्यातील १९ गढूळ पाण्यात बुडाल्या. त्यांत दोन चातुर्मासांची प्रवचने होती, गावातील एका आर्यिका माताजींच्या दीक्षेचा सोहळा होता. चिखलाचा एक कण फितीबरोबर आत गेला तरी हेड कायमचे खराब होऊ शकते. म्हणून त्या कॅसेटी कॅमेऱ्यात घालून पाहण्याचा मोह अण्णांनी आवरला. स्वच्छ पाण्याने त्यांवरील गाळ काढून, उष्णता न देता, सावलीत वाळवून त्यांनी त्या वेगळ्या ठेवल्या. त्यांवर काही उरले आहे की नाही, ते एखादा जाणकार तंत्रज्ञच पाहू शकेल.

त्यानंतर काही महिन्यांनी शेजारच्या गावी पंचकल्याणक प्रतिष्ठा होती. तेथील युवक मंडळाने अण्णांना गळ घातली. कॅमेऱ्याला एक रूपांतर करणारी पेटी जोडू, पाचही दिवसांचा सोहळा थेट मोबाइलवर दाखवू, खर्च मंडळ करील, अशी त्यांची योजना होती. योजना अशक्य नव्हती. अण्णांनी मेनूतील तासांची नोंद उघडून पाहिली. दंडगोल किती तास फिरले, हे तेथे दिसते. या कॅमेऱ्याची हेडे झिजली तर आज ती मिळणे दुरापास्त आहे आणि उरलेल्या ६४ कॅसेटी वाचणारे दुसरे यंत्र पंचक्रोशीत नव्हते. त्यांनी नम्रपणे नकार दिला. “तुमच्या खिशातला फोन हे काम माझ्या कॅमेऱ्यापेक्षा चांगले करील. माइक आणि ट्रायपॉड मात्र माझा घेऊन जा,” असे ते म्हणाले. काहींना तो कंजूषपणा वाटला. म्हातारपणी माणूस वस्तूला चिकटतो, असेही कोणी बोलले. ते शब्द अण्णांना लागले. व्रताची वही बाळगणाऱ्या माणसावर आसक्तीचा आरोप यावा, आणि तो सर्वस्वी खोटा आहे असे त्यालाही छातीठोकपणे सांगता येऊ नये, ही स्थिती सुखाची नव्हती. कॅमेरा राखायचा तो कॅमेऱ्यासाठी नव्हे, हे सिद्ध करण्याचा एकच मार्ग होता. त्यातील संचय लवकरात लवकर बाहेर काढणे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि वेळ आपोआप मिळाला. नातवाने एका जुन्या संगणकात फायरवायरचे कार्ड बसवले. कॅमेऱ्याच्या या जीवनातील हीच शेवटची जोडणी. डीव्ही फितीवरील नोंद मुळातच अंकीय असते. फायरवायरच्या तारेने ती संगणकात नेली तर फितीवर जे आहे त्याची जशीच्या तशी प्रत होते. पिवळ्या-लाल-पांढऱ्या तारांनी नेली तर चित्राचे आधी साध्या लहरींत आणि मग पुन्हा अंकांत रूपांतर होते आणि दर्जा घटतो. हा भेद न कळल्याने अनेकांनी आपल्या कॅसेटींच्या फिक्या प्रती करून घेतल्या आहेत. प्रत्येक फीत आधी एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन परत गुंडाळायची, म्हणजे वर्षानुवर्षे दबलेले वेटोळे मोकळे होतात, आणि मग चालवायची. हे काम घाईने होत नाही. जेवढ्या वेळाची फीत, तेवढाच वेळ. ६४ कॅसेटींची जवळजवळ त्रेचाळीस तासांची नोंद सात आठवड्यांत उतरली. डीव्हीची एका तासाची नोंद सुमारे १३ गिगाबाइट होते. सारा संचय एका टेराबाइटच्या डिस्कवर मावला.

त्यांत फेब्रुवारी २००६ ची श्रवणबेळगोळ येथील महामस्तकाभिषेकाची कॅसेट होती. विंध्यगिरीच्या सहाशेहून अधिक पायऱ्या चढून अण्णा आणि त्यांच्या पत्नी वर गेले होते. भगवान बाहुबलींच्या ५७ फूट उंच मूर्तीवरून दुधाची धार उतरत होती आणि अण्णा भिंगात डोळा घालून उभे होते. चित्र उत्तम आले आहे. त्या चित्रामागे, माइकच्या अगदी निकट, एक स्त्रीचा आवाज ऐकू येतो: “अहो, तो डबा खाली ठेवा जरा. एवढं चढून आलोय, डोळ्यांनी बघा की.” त्यानंतर सात-आठ सेकंद चित्र तसेच स्थिर आहे, आणि मग कॅमेरा बंद झालेला आहे.

अण्णांच्या पत्नी २०११ मध्ये निवर्तल्या. नातू तेव्हा दोन वर्षांचा होता. आजीचा आवाज त्याने टाळेबंदीतल्या त्या दुपारी प्रथम ऐकला. त्याने ती ओळ पुन्हा लावली, आणखी एकदा लावली, आणि अण्णांना विचारले, “मग तुम्ही डबा खाली ठेवलात?” अण्णा म्हणाले, “ठेवला. म्हणून तर पुढचं काही रेकॉर्ड झालं नाही.”

आज त्या संचयाच्या तीन प्रती आहेत. एक अण्णांच्या घरी, एक मुलाकडे पुण्यात आणि एक बस्तीच्या कार्यालयात. कृष्णेचे पाणी पुन्हा चढले तरी तिन्ही ठिकाणी एकदम चढणार नाही. मोठ्या बॅटऱ्या युवक मंडळाच्या एलईडी दिव्यांना चालतात, कारण त्या जातीच्या बॅटऱ्यांची खाच अनेक दिव्यांनी स्वीकारली आहे. म्हणून त्या मंडळाला दिल्या गेल्या. जोडभिंग आणि ट्रायपॉडही गेला. वहीत त्या नोंदींवर रेघ ओढली आहे. कॅमेरा अद्याप घरात आहे, कारण आसपासच्या गावांतून अधूनमधून कोणी तरी कॅसेट घेऊन येतो. कोणाच्या वडिलांचा साठी-शांतीचा सोहळा असतो, कोणाच्या गावच्या प्रतिष्ठेचा. ते काम संपले की कॅमेराही कोणाला तरी द्यायचा, असा अण्णांचा संकल्प आहे. तो कधी संपेल, हे त्यांना ठाऊक नाही.

अनेक वाचकांच्या घरीही माळ्यावर अशा कॅसेटी असतील. त्यांचे वय आता वीस वर्षांच्या पुढे गेले आहे आणि त्या वाचणारी यंत्रे दरवर्षी कमी होत आहेत. भाद्रपदात पर्युषण पर्वापूर्वी घराची स्वच्छता होते, तेव्हा त्या कॅसेटी खाली काढाव्या आणि त्यांवर काय आहे ते लिहून काढावे. ज्यांत गुरूंचा उपदेश आहे आणि ज्यांत आता नसलेल्या माणसांचा आवाज आहे, त्या आधी निवडाव्या. लग्नाच्या वरातीची कॅसेट थांबू शकेल. कॅमेरा चालू असेल तर तो नव्या चित्रणात न झिजवता या कामासाठी राखावा. नसेल, तर फायरवायरने प्रत करून देणारा जाणकार शोधावा, आणि प्रती तीन कराव्या. त्यानंतर तो कॅमेरा, त्याच्या तारा, पेट्या आणि भिंगे ज्याला खरोखर उपयोगी पडतील त्याच्याकडे जाऊ द्यावीत.